दुसऱ्याच्या दुखापतीने संधी मिळाली, स्वतःच्या दुखापतीने करिअर थांबलं : यवतमाळच्या आकाश चिकटेची गोष्ट

३० ऑक्टोबर २०१६. लक्ष्मीपूजनाचा दिवस. इकडे घराघरात पणत्या लागत होत्या आणि तिकडे मलेशियातल्या क्वांतानमध्ये एशियन चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल रंगली होती. समोर कोण? पाकिस्तान.

टेन्शन वेगळंच होतं. भारताचा कॅप्टन आणि एक नंबरचा गोलकीपर पी. आर. श्रीजेश बाहेर बसला होता. सेमीफायनलमध्ये कोरियाविरुद्ध शूटआउट अडवून त्याने मॅच काढून दिली होती, पण तो जखमी होता. मग गोलमध्ये उभा राहिला २४ वर्षांचा आकाश चिकटे. गाव यवतमाळ.

भारताने ती फायनल ३-२ अशी जिंकली.

वऱ्हाडचा गडी आणि हॉकीत, हे ऐकून आजही लोक चमकतात. अमरावती म्हटलं की जितेश शर्मा आठवतो, अकोला म्हटलं की अथर्व तायडे. म्हणजे सगळं क्रिकेटच. तसं बघायला गेलं तर या भागाला खेळाचं वेड जुनंच आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे जाऊन आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. पण भारताच्या सीनियर हॉकी संघात, तेही गोलकीपर म्हणून, अमरावती विभागातलं पोरगं दिसणं ही दुर्मिळ गोष्ट.

त्यात गोलकीपरचं काम म्हणजे लय अवघड. मैदानावर नाही, संघात जागा मिळवताना.

फॉरवर्ड संघात सहा-सात असतात, आलटून पालटून सगळ्यांना खेळायला मिळतं. गोलकीपर मात्र १८ जणांच्या संघात दोनच. त्यातला एक खेळतो, दुसरा बहुतेक वेळ बेंचवर. ऑलिम्पिकला तर संघ १६ जणांचा, तिथे बहुतेक देश एकच गोलकीपर नेतात. आणि आकाशच्या पुढे होता श्रीजेश, जो २००६ पासून २०२४ पर्यंत भारतासाठी खेळला. अठरा वर्षं! अशा माणसाच्या मागे उभं राहायचं म्हणजे वर्षानुवर्षं पॅड बांधून वाट बघायची.

२०१७ मध्ये ती वाट संपली. अझलन शाह स्पर्धेत ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळताना श्रीजेशचा गुडघा गेला आणि पुढचं जवळपास अख्खं वर्ष तो संघाबाहेर राहिला. त्या स्पर्धेत न्यूझीलंडला ४-० ने हरवून भारताने ब्राँझ घेतलं, तेव्हा गोलमध्ये आकाश होता. जूनमध्ये लंडनला वर्ल्ड लीगची सेमीफायनल फेरी झाली. तिथे पाकिस्तानला ७-१ ने धुतलं, पण मलेशियाकडून हरून भारत सहावा आला. ऑक्टोबरमध्ये ढाक्याला त्याच मलेशियाला फायनलमध्ये २-१ ने हरवलं आणि आशिया कप दहा वर्षांनी घरी आला. त्या संघातला दुसरा गोलकीपर होता मुंबईचा सूरज करकेरा. म्हणजे भारताच्या गोलची राखण त्या वर्षी महाराष्ट्राच्या दोन पोरांकडे होती, आणि आपल्यापैकी कितीजणांना हे माहीत होतं?

मग आला डिसेंबर. भुवनेश्वरमध्ये वर्ल्ड लीग फायनल, जगातले आठ संघ. क्वार्टर फायनलला बेल्जियम, रिओ ऑलिम्पिकचा सिल्व्हर विजेता. मॅच ३-३ अशी सुटली आणि शूटआउट आलं.

हॉकीचं शूटआउट फुटबॉलच्या पेनल्टीसारखं नसतं. खेळाडू २३ मीटरच्या रेषेवरून बॉल घेऊन पळत येतो, त्याच्याकडे फक्त ८ सेकंद असतात. गोलकीपर पुढे येऊ शकतो, कोन बंद करू शकतो, त्याला बाहेरच्या बाजूला ढकलू शकतो. लवकर झेपावला तर संपला, उशीर केला तरी संपला. आकाशने तो अंदाज बरोबर घेतला. भारत ३-२ ने जिंकला, कलिंगा स्टेडियम डोक्यावर घेतलं गेलं आणि पुढे जर्मनीला हरवून भारताने ब्राँझ मिळवलं.

२०१८ मध्ये कॉमनवेल्थ, एशियन गेम्स आणि त्याच भुवनेश्वरमध्ये वर्ल्ड कप होता. आकाशचं वय पंचवीस. गोलकीपरसाठी हे सुरुवातीचं वय.

पण २७ मार्च २०१८ ला त्याच्यावर तात्पुरती बंदी आली. डोपिंग टेस्टमध्ये नॉरअँड्रोस्टेरोन सापडलं होतं.

हे नेमकं काय असतं? नँड्रोलोन नावाचं एक अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड आहे. ते शरीरात गेलं की त्याचं विघटन होऊन जो अंश लघवीत येतो तो हा. स्नायू वाढवायला लोक ते चोरून घेतात हे खरं, पण ते औषधही आहे. काही प्रकारच्या रक्तक्षयावर, हाडं ठिसूळ होण्यावर ते वापरलं जात आलंय. आणि घेतल्यावर त्याचा माग कित्येक महिने राहू शकतो.

नाडा, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजक विरोधी संस्था, तिच्या शिस्तपालन समितीसमोर ऑक्टोबरमध्ये सुनावणी झाली. पायाच्या दुखापतीवर घेतलेल्या औषधातून हे झालं, त्यामागे फसवणुकीचा हेतू नव्हता, हे समितीने मान्य केलं. तरीही शिक्षा झाली, दोन वर्षांची बंदी.

आता तुम्ही म्हणाल, हेतू नव्हता तर शिक्षा कशाला?

कारण डोपिंगचा नियम चोरीच्या कायद्यासारखा चालत नाही. तुमच्या शरीरात काय सापडलं याला तुम्हीच जबाबदार, ते कसं आलं हा पुढचा प्रश्न. स्टेरॉइड सापडलं की शिक्षा चार वर्षांपासून सुरू होते. मुद्दाम घेतलं नाही हे खेळाडूने स्वतः पटवून द्यायचं असतं, तेव्हा कुठे ती दोनवर येते. डॉक्टरने लिहून दिलं होतं, एवढं म्हणूनही सुटका नाही, कारण डॉक्टर निवडण्याची जबाबदारीसुद्धा खेळाडूवरच टाकलेली आहे. खरंच असं औषध लागणार असेल तर आधी अर्ज करून वैद्यकीय सूट घ्यावी लागते.

नियम कडक आहे आणि तो तसा नसेल तर प्रत्येकजण "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटेल, हेही खरं. पण कॅम्पमध्ये डॉक्टर, फिजिओ सगळे दिमतीला असणं वेगळं आणि दुखणं घेऊन गावातल्या दवाखान्यात जाणं वेगळं. तालुक्याच्या गावातला डॉक्टर दुखणं बरं करायचं बघतो, दरवर्षी १ जानेवारीला बदलणारी वाडाची यादी त्याच्या टेबलावर नसते. यवतमाळ, अकोला, अमरावतीत आज जे पोरंपोरी राज्य पातळीवर खेळतायत, त्यांच्यासाठी नाडाचं 'नो युवर मेडिसिन' नावाचं अ‍ॅप आहे. औषधाचं नाव टाकलं की ते बंदी असलेलं आहे की नाही हे कळतं. मेडिकलमधून गोळी घेण्याआधी दोन मिनिटांचं काम.

तोवर भारतीय संघ पुढे गेला होता. श्रीजेश परतला होता, कृष्ण पाठक हा नवा गोलकीपर आला होता. भुवनेश्वरच्या वर्ल्ड कपमध्ये हेच दोघं होते.

आकाशची बंदी संपली मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात. त्याच आठवड्यात टोकियो ऑलिम्पिक पुढे ढकललं गेलं आणि देशभर लॉकडाऊन लागला. वर्षभराने टोकियोला भारताने ४१ वर्षांनी हॉकीचं मेडल जिंकलं, तेव्हा गोलमध्ये श्रीजेश होता. आकाश पुन्हा भारताच्या गोलमध्ये दिसला नाही.