चंद्र दिसला नाही तर?

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. त्या काळी रमजान ऐन पावसाळ्यात येत असे. तिसावा रोजा सुटला आणि आम्ही पोरे नंदुरबारच्या आमच्या घराच्या धाब्यावर चढलो. आभाळ गच्च भरलेले, चंद्र काही दिसेना. ‘चंद्र दिसला तर उद्या ईद’ एवढाच नियम मला ठाऊक होता. चंद्र दिसला नाही, म्हणजे ईद नाही, असे समजून मी रडू लागलो. दादी हसून म्हणाली, “बेटा, तीस रोजे पुरे हो गए. अब चाँद दिखे ना दिखे, कल ईद है.”

नियम खरा होता, मी काढलेला अर्थ चुकला होता. ‘असे असेल तर तसे होईल’ हा नियम, तसे नसेल तर काय, याबद्दल काहीच सांगत नाही. ईदकडे जाणारी दुसरीही वाट होती.

श्रोतेहो, मी कविता लिहिणारा, साधा बी. ए. झालेला माणूस. पण स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी गल्लीतली मुले “काका, हे कोडे अडले” म्हणून माझ्याकडे येतात. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत २०१३ पासून तर्कक्षमता तपासणारी वेगळी प्रश्नपत्रिका आली, तेव्हापासून तर जास्तच. त्यांना मी हे कोडे घालतो. तोरणमाळच्या सहलीचे तीन नियम आहेत. रमेश गेला तर सलीम जातो. सलीम गेला तर कमल जात नाही. कमल आणि दीपा यांच्यापैकी निदान एक तरी जाते. आता कमल गेली, एवढेच कळले. बाकी कोण गेले?

दुसरा नियम उलट्या टोकाकडून वाचा. सलीम गेला असता तर कमल गेली नसती. ती तर गेली. म्हणून सलीम गेला नाही. आता पहिला नियम. रमेश गेला असता तर सलीमही गेला असता. सलीम गेला नाही, म्हणून रमेशही नाही. आणि दीपा? इथे मुले घाईने “नाही गेली” म्हणतात. पण नियमात ‘निदान एक’ आहे, ‘एकच’ नाही. दीपाबद्दल सांगता येत नाही, हेच बरोबर उत्तर.

आपल्याकडे ही रीत जुनी आहे. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त डोंगरावरच्या धुराचा दाखला आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघर. जिथे अग्नी नाही तिथे धूरही नाही, जसा तलाव. ही दोन्ही वाक्ये पक्की. पण अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असे नाही. लोहाराचा लालभडक तापलेला लोखंडाचा गोळा पाहा. त्यात अग्नी आहे, धूर नाही.

हा केवळ परीक्षेतल्या गुणांचा प्रश्न नाही. आमच्या सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, २००६ च्या वनहक्क कायद्याचे दावे हा घरोघरचा विषय. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असल्याचे आदिवासी दावेदाराने दाखवायचे असते. सरकारी नोंद असेल तर तो पुरावा. मग कोणी म्हणते, “नोंद नाही ना? मग दावाच नाही.” हे माझ्या धाब्यावरच्या रडण्यासारखेच झाले! नियमांतल्या पुराव्यांच्या यादीत शेतातले बांध आहेत, जमिनीवरचे घर-झोपडी आहे, गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही आहे. एकाहून अधिक पुरावे मात्र लागतात. नोंद नाही म्हणून दावा खोटा ठरत नाही, आणि आपोआप खराही ठरत नाही. प्रश्न उघडा राहतो, उरलेले पुरावे पाहावे लागतात. न पाहताच कागद बाजूला ठेवला, तर एखाद्या घराची जमीन जाते.

म्हणून मुलांना मी कागदावर तीन रकाने आखायला सांगतो: ‘नक्की’, ‘नक्की नाही’ आणि ‘अजून सांगता येत नाही’. तिसरा रकाना रिकामा ठेवायची घाई करू नका, असेही सांगतो. त्या संध्याकाळी मला तो रकाना ठाऊक असता, तर रडण्याआधी मी दादीला विचारले असते.