सार्वजनिक बागेची पुनर्रचना आणि कुमारवयीन मुलेमुली

शहराच्या विकास आराखड्यात हिरव्या रंगाने दाखविलेली जागा सर्वांची असते असे गृहीत धरण्याचा प्रघात आहे. बागेला तिकीट नसते, फाटकावर कोणाची जात वा उत्पन्न विचारले जात नाही. तेव्हा ती सर्वांना खुली आहे असे म्हणण्यात वावगे काही वाटत नाही. तथापि एखादी जागा खुली असणे आणि ती प्रत्यक्षात सर्वांच्या उपयोगास येणे या दोन भिन्न गोष्टी होत. लहान मुलांसाठी झोपाळे व घसरगुंडी, वृद्धांसाठी बाके, मध्यमवयीनांसाठी फेरी मारण्याची वाट अशी वयानुसार वाटणी झाल्यावर तेरा ते अठरा या वयाच्या वाट्यास बहुधा एक फलक येतो : बारा वर्षांवरील मुलांनी खेळणी वापरू नयेत. मोकळे मैदान शिल्लक असेल तर तेथे चेंडूचा खेळ चालतो व त्यावर बलदंड मुलांचा ताबा असतो. उरलेली मुले, विशेषतः मुली, बागेत दिसेनाशा होतात; आणि जो दिसत नाही त्याची अडचण कोणी नोंदवीत नाही. बागेची पुनर्रचना करताना या वयाच्या मुलामुलींना सहभागी करून घ्यावे, या मागणीचे मूळ या अदृश्यतेत आहे.

या अदृश्यतेची पद्धतशीर नोंद ज्या शहरांनी घेतली त्यांत ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना हिचे स्थान महत्त्वाचे आहे. सन १९९१ मध्ये एव्हा काइल व युटा क्लेडोर्फर या दोघींनी स्त्रियांच्या दैनंदिन नागरी जीवनावर एक प्रदर्शन भरविले व सार्वजनिक जागा नेमकी कोणाची, हा प्रश्न त्यात उघडपणे विचारला. पुढील वर्षी नगरपालिकेत स्त्रीविषयक कार्यालय स्थापन झाले आणि काइल या त्याच्या पहिल्या प्रमुख झाल्या. १९९६-९७ च्या सुमारास तेथील बागांची समाजशास्त्रीय पाहणी करण्यात आली. साधारणतः नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलगे व मुली दोघेही बागेत येतात. त्यानंतर मुलींची उपस्थिती एकाएकी घटते, मुलग्यांची मात्र तशी घटत नाही, असे तीत आढळून आले.

या घटीचे कारण लक्षात घेण्याजोगे आहे. मुलींना कोणी मज्जाव केला नव्हता. परंतु जागा अपुरी असली व तिच्यासाठी चढाओढ करावी लागली की मुली भांडत बसण्यापेक्षा निघून जाणे पसंत करीत. व्हिएन्नाच्या दाट वस्तीच्या भागांत चेंडूच्या खेळासाठी उंच जाळीचे बंदिस्त आवार असते. त्यास एकच दार असेल, तर दाराशी चारपाच मुलगे उभे राहिले तरी आत जाण्याचा व बाहेर पडण्याचा मार्ग त्यांच्या मर्जीवर अवलंबून राहतो. येथे अन्याय करणारी व्यक्ती शोधू गेल्यास ती सापडत नाही. अन्याय आवाराच्या दारात असतो.

यास अनुसरून १९९९ मध्ये मार्गारेटन या पाचव्या प्रभागातील दोन बागांच्या पुनर्रचनेचे काम हाती घेण्यात आले. त्यांपैकी एक आइन्झीडलर बाग व दुसरी आज ब्रूनो क्राइस्की यांच्या नावाने ओळखली जाणारी बाग. पायवाटा वाढविण्यात आल्या, व्हॉलीबॉल व बॅडमिंटन यांसाठी जागा राखण्यात आल्या आणि विस्तीर्ण मोकळी जागा झाडाझुडपांच्या व उंचसखल भूमीच्या साह्याने अर्धबंदिस्त अशा लहान लहान भागांत विभागण्यात आली. एका गटाने दुसऱ्यास हुसकावून लावल्यावाचून अनेक गट एकाच वेळी बागेत राहू शकतील, एवढाच त्यामागील हेतू होता. लवकरच मुलगे व मुली यांचे निरनिराळे गट या बागा वापरू लागले. मोठा खर्च वा दुर्मिळ साधने यांपैकी कशाचीही आवश्यकता भासली नाही, ही गोष्ट आपल्याकडील नगरपालिकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे.

निरीक्षणाची ही पद्धत उपयुक्त असली तरी तिला एक मर्यादा आहे. बागेत कोण नाही हे निरीक्षणाने समजते. जो नाही त्यास काय हवे होते, हे मात्र त्यालाच विचारावे लागते. आणि विचारावे कसे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ‘तुम्हांस कोणती साधने हवीत?’ असे विचारले की मुले पूर्वी पाहिलेल्या साधनांचीच यादी देतात. उत्तरे मोजली जातात, बहुमताने एखादे साधन खरेदी होते, आणि सहभागाचे कार्य पार पडले असे समजले जाते. वस्तुतः अशा प्रश्नात मुलांच्या अनुभवास वावच नसतो.

याहून निराळी रीत अमेरिकन नगररचनाशास्त्रज्ञ केव्हिन लिंच यांनी युनेस्कोच्या साह्याने १९७० नंतरच्या दशकात अनुसरली. आर्जेन्टिना, ऑस्ट्रेलिया, मेक्सिको व पोलंड या देशांतील कुमारवयाच्या उंबरठ्यावरील मुलामुलींकडून त्यांनी परिसराचे नकाशे काढून घेतले, काल दिवसभर काय केले याचा तपशील विचारला व मुलांबरोबर पायी हिंडून आवडती, भीतिदायक व निषिद्ध ठिकाणे पाहिली. १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेले या अभ्यासाचे निष्कर्ष अनपेक्षित होते. मेलबर्नच्या उपनगरात मैदानांची वाण नव्हती, तरी तेथील मुले कंटाळलेली आढळली. त्या परिस्थितीस लिंच यांनी अनुभवांची उपासमार असे म्हटले. उलट आर्जेन्टिनातील साल्टा शहराच्या लास रोसास या साध्या वसाहतीत मुलांस आपल्या वस्तीचा अभिमान वाटत होता. तेथील रस्ते झाडांचे व वावरण्यास सुखाचे होते, छोटासा चौक होता आणि वस्तीतील माणसांचा परस्परसंबंध घट्ट होता. मोकळ्या जागेचे क्षेत्रफळ व मुलांचे समाधान यांचा सरळ हिशेब मांडता येत नाही, हे या तुलनेवरून ध्यानात येते. १९९० नंतर लुईस चावला व डेव्हिड ड्रिस्केल यांनी हा उपक्रम पुन्हा सुरू केला, तेव्हा त्यात बंगळूरमधील एका वस्तीचाही समावेश झाला.

विचारण्याची रीत बदलली की उत्तरे किती बदलतात याचे उदाहरण स्वीडनमधील उमिओ शहरात पाहावयास मिळते. तेथील एका बागेत २०१६ मध्ये ‘फ्रीझोन’, म्हणजे मुक्त क्षेत्र, या नावाची जागा तयार झाली व ती रचताना तरुण मुलींशी विचारविनिमय करण्यात आला. मुलींनी मागितले ते खेळाचे साधन नव्हते. जेथे काही करून दाखविण्याची सक्ती नाही अशी बसण्याची जागा त्यांना हवी होती. त्यातून छपराखाली टांगलेली मोठी आसने तयार झाली. त्यांवर समोरासमोर बसून बोलता येते, छपरात दिवे आहेत व स्वतःच्या फोनवरील संगीत तेथे लावता येते. मराठी वाचकास यात नवल वाटण्याचे कारण नाही. हा छपराचा व दिव्यांचा कट्टाच होय. फरक एवढाच की आपल्याकडे कट्टा वापरातून आपोआप बनतो व तो बहुधा मुलग्यांचा असतो. तेथे तो मुलींसाठी हेतुपूर्वक बांधला गेला.

निरुद्देश बसण्याची ही मागणी क्षुल्लक नाही. मुंबईतील सार्वजनिक जागांविषयी शिल्पा फडके, समीरा खान व शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘व्हाय लॉयटर?’ या ग्रंथाचे मुख्य प्रतिपाद्य हेच आहे. रस्त्यावर वा बागेत वावरणाऱ्या स्त्रीस आपण काही कामासाठी आलो आहोत असे सतत दाखवावे लागते. कामावाचून रेंगाळण्याचा अधिकार तिला मिळालेला नाही. कुमारवयाच्या मुलग्यांची स्थिती याच्या उलट, परंतु फारशी चांगली नाही. ते रेंगाळतात, मात्र टोळके म्हणून हाकलले जातात. व्यायाम वा खेळ या सबबीवाचून बागेत थांबता येणे ही दोघांचीही गरज आहे, आणि साधनांच्या यादीत ती कधीच उतरत नाही.

‘सर्वसमावेशक’ या शब्दाचा प्रचलित अर्थ अपंगांस सोयीची अशी बाग, असा आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या अधिकारांच्या कायद्यामुळे त्यास आपल्याकडे विधीचेही पाठबळ मिळाले. परंतु प्रवेशद्वाराशी उतार बांधला आणि आतील वाट मुरमाची वा वाळूची ठेवली, तर चाकांची खुर्ची फाटकाशीच थांबते. खेळणी अनुरूप केली तरी ती लहान मुलांच्या मापाची असतात. चाकांच्या खुर्चीवरील पंधरा वर्षांच्या मुलीस पट्ट्याचा झोपाळा नको असतो. मैत्रिणींच्या बाकालगत, त्यांच्याच ओळीत खुर्ची लावता येईल एवढी मोकळी फरसबंद जागा हवी असते. कर्णबधिर मुलांस खुणांच्या भाषेत बोलण्यासाठी समोरासमोरची बैठक व पुरेसा उजेड लागतो. उमिओच्या मुलींनी अन्य कारणासाठी मागितलेल्या गोष्टींशी ही गरज जुळते, हे लक्षणीय आहे. मात्र अशी मुले ज्या चर्चेत बसलेली नाहीत तेथे हे जुळणे केवळ योगायोगावर सोडावे लागते.

सहभागाची प्रत ठरविण्यासाठी रॉजर हार्ट यांची १९९२ मधील आठ पायऱ्यांची शिडी अभ्यासकांत प्रचलित आहे. शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये प्रौढ नागरिकांच्या सहभागासंबंधी मांडलेल्या शिडीवरून ती योजलेली आहे. हार्ट यांच्या मते खालच्या तीन पायऱ्या, म्हणजे मुलांचा हत्यारासारखा वापर, शोभेसाठी वापर व नाममात्र उपस्थिती, यांस सहभाग म्हणताच येत नाही. चित्रकलेच्या स्पर्धेत ‘माझी स्वप्नातील बाग’ काढून घेऊन ती चित्रे उद्घाटनाच्या मंडपात लावणे हा प्रकार या खालच्या पायऱ्यांवरील आहे, हे सांगावयास नको. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय संहितेतील बारावे कलम मुलांच्या मतास त्यांच्या वयानुसार योग्य ते वजन द्यावे असे सांगते व भारताने १९९२ मध्ये ती संहिता मान्य केली आहे. वजन देणे याचा व्यावहारिक अर्थ असा की आराखडा व अंदाजपत्रक यांत बदल होऊ शकेल अशा वेळी मुलांस बोलाविणे, आणि ज्या सूचना स्वीकारता आल्या नाहीत त्यांची कारणे त्यांना परत येऊन सांगणे. यांतील दुसरी गोष्ट सहसा होत नाही.

बागेशेजारी राहणाऱ्यांचा आक्षेप हा एक वेगळा भाग आहे. संध्याकाळी गलका होईल, दिवे रात्री उशिरापर्यंत जळतील, या तक्रारी खोट्या नसतात. मुलांची बैठक वृद्धांच्या बैठकीपासून निराळी घेऊन दोन याद्या तयार करण्याऐवजी दोघांस एकाच नकाशाभोवती बसविल्यास दिवे कोठे व किती वाजेपर्यंत, असा नेमका प्रश्न उरतो आणि तो सुटण्यासारखा असतो.

यापेक्षा अवघड प्रश्न काळाचा आहे. मंजुरी, निविदा व बांधकाम यांत तीनचार वर्षे सहज जातात. चौदाव्या वर्षी ज्या मुलीचे मत विचारले ती बाग उघडते तेव्हा अठरा वर्षांची झालेली असते व कदाचित शिक्षणासाठी गावाबाहेर गेलेली असते. म्हणून पुनर्रचनेचा काही भाग त्याच शाळेच्या वर्षात प्रत्यक्ष दिसावा लागतो : हलवता येणारी बाके, रंगाने आखलेली क्रीडांगणे, जाळीच्या आवारास पाडलेले दुसरे दार. अशा तात्पुरत्या बदलांचा वापर महिनाभर मोजला की पक्के बांधकाम कोठे करावयाचे हे ठरविणे सोपे जाते. आणि बाग पुरी झाल्यावरही, पहिल्या गटातील मुले मोठी होऊन निघून गेली की, नव्याने तेरा वर्षांच्या झालेल्या मुलामुलींस नकाशा काढावयास पुन्हा बसवावे लागते.