हाडासाठी राखलेली जागा

पडद्यावर काकूंच्या खालच्या जबड्याचा सीबीसीटी (त्रिमितीय एक्स-रे) स्कॅन होता. डॉक्टरांनी त्यावर आडवी रेघ ओढली : साडेतीन मिलिमीटर. काही वर्षांपूर्वी दाढ काढली, तिथे हाडाची एवढीच जाडी उरली होती. चार मिलिमीटर व्यासाचा इम्प्लांट, म्हणजे दाताचं कृत्रिम मूळ, बसवून दोन्ही बाजूंना दीड-दीड मिलिमीटर हाड ठेवायचं, तर सात हवेत.

दाढेभोवतीचं हाड दाढेच्या आधाराने टिकतं. दाढ गेली की शरीर ते परत घेऊ लागतं. सगळ्यात जास्त झीज पहिल्या वर्षात होते, त्यातही पहिल्या काही महिन्यांत. कवळी लावली तरी ती थांबत नाही.

म्हणून आधी हाड वाढवायचं ठरलं. भूल चढली. हिरडी बाजूला सारल्यावर अरुंद, पांढरट हाड दिसलं. डॉक्टरांनी बारीक ड्रिलने त्याला छोटी छिद्रं पाडली आणि प्रत्येकातून रक्त येतंय ना, हे थांबून पाहिलं. नवं हाड तयार करणाऱ्या पेशी आणि रक्तवाहिन्या याच वाटेने येतात.

मग मागच्या दाढेजवळून खरवडलेला काकूंच्याच हाडाचा चुरा तयार दाण्यांत मिसळला. हे दाणे गाईगुरांच्या हाडांपासून केलेले असतात. प्रथिनं काढून टाकल्यावर उरतो तो फक्त खनिज सांगाडा. रक्तात कालवल्यावर तो सगळा ऐवज भिजवलेल्या जाड रव्यासारखा दिसत होता. दाणे कशाचे, वरचं कोलॅजेनचं मेम्ब्रेन कशाचं, हे काकूंना आधीच सांगून त्यांची संमती घेतली होती. कृत्रिम दाण्यांचा पर्यायही त्यांच्यापुढे ठेवला होता. आपल्याकडे अनेकांसाठी हा श्रद्धेचा प्रश्न असतो, म्हणून हे सांगणं उपचाराचाच भाग मानायला हवं.

मेम्ब्रेनचं काम आडोशाचं. हिरडीच्या पेशी झपाट्याने वाढतात, हाडाच्या सावकाश. आडोसा नसेल तर हाडाची जागा हिरडीच व्यापते. सर्वांत जास्त वेळ गेला तो हिरडी मिटवण्यात. तिच्या आतल्या पातळ आवरणाला हलका छेद दिल्यावर ती सैल होऊन पुढे सरकली. टाके ताणले गेले तर जखम उघडते, लाळ आणि जंतू आत शिरतात आणि भरलेलं सगळं वाया जाऊ शकतं.

“काकू, मशेरी पूर्ण बंद. साखर आटोक्यात ठेवा. आणि त्या बाजूने चावायचं नाही,” डॉक्टरांनी बजावलं. तंबाखूतल्या निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, आणि इथे तर सगळी भिस्त रक्तावर.

सहा महिन्यांनी नवा स्कॅन आला, तेव्हा जाडी सातच्या वर गेली होती. इम्प्लांट बसवताना ड्रिलला घट्ट हाड लागलं. स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्यांदा एका रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. हाड या धातूला थेट धरून वाढतं, हे त्यांनी आधी सशांमध्ये पाहिलं होतं. पण धरायला मुळात हाड हवं. डॉक्टर त्यासाठी जागा करतात आणि ती राखतात. हाड रुग्णाचं शरीरच घडवतं, आणि त्याला घाई चालत नाही.

यातलं बरंचसं टाळता येतं. दाढ काढतानाच ती पोकळी दाण्यांनी भरली, तर झीज पुरती थांबत नसली तरी कमी होते. म्हणून दाढ काढायला बसण्याआधी डॉक्टरांना विचारा : तिथल्या हाडाचं पुढे काय होणार, आणि ते राखण्यासाठी आजच काय करता येईल?