बिनविजेच्या जागीं पहारा
कॅरव्हॅनचा अलार्म आणि तिची बॅटरी

आमचे एक स्नेही नोकरीनिमित्त बरींच वर्षें इंग्लंडांत राहात आहेत. तिकडील रीतीप्रमाणें त्यांनीं एक कॅरव्हॅन विकत घेतली. कॅरव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागें जोडून न्यावयाचें, चाकांवरचें लहानसें घर. उन्हाळ्याच्या सुटींत ते मुलांबाळांसह तींतून हिंडतात, आणि हिवाळ्याचे पांच महिने ती गांवाबाहेरील एका शेतकऱ्याच्या आवारांत भाड्यानें ठेवतात. त्या आवारांत वीज नाहीं. चोरांपासून रक्षण व्हावें म्हणून गाडीला अलार्म बसविलेला आहे, व तो गाडींतल्याच बॅटरीवर चालतो. गेल्या मार्चांत ते गाडी आणावयास गेले, तेव्हां अलार्म मुका झालेला होता, आणि बॅटरी इतकी बिघडली होती कीं, पुढें कितीही वेळ भरली तरी ती वीज धरून ठेवीना. सुदैवानें गाडी जागच्या जागीं होती. “आम्ही घरीं निश्चिंत झोंपत होतों, आणि आमचा पहारेकरी केव्हां मेला हें आम्हांस ठाऊकच नव्हतें,” असें त्यांनीं पत्रांत लिहिलें, व असें कां झालें तें विचारलें. त्या प्रश्नाचें उत्तर आमच्या विद्यार्थी वाचकांसही उपयोगी पडेल, म्हणून तें येथें थोडें विस्तारानें देत आहों.

केवळ हौसेनें हिंडण्यासाठीं मुद्दाम बांधविलेली पहिली कॅरव्हॅन म्हणून जिचा उल्लेख होतो, ती डॉ. गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश लेखकाची ‘वाँडरर’ होय. हे गृहस्थ पूर्वीं ब्रिटिश आरमारांत शल्यवैद्य होते. १८८५ सालीं ब्रिस्टल येथील कारखान्यांत ही गाडी तयार झाली. ती ओढावयास दोन घोडे लागत. त्याच सालीं ते तींतून इंग्लंडहून स्कॉटलंडांतील इनव्हर्नेसपर्यंत गेले. त्यांच्या सोबतीस न्यूफाउंडलंड जातीचा एक थोरला कुत्रा असे. कुत्रा बाळगला म्हणजे त्यास रोज खावयास घालावें लागतें, हें कोणासही सांगावयास नको. अलार्म हाही एक राखणदारच आहे व तोही रोज खातो. परंतु त्याचें खाणें डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून आपण तें विसरतों.

तो काय खातो तें आतां पाहूं. अलार्मचा भोंगा वाजतो तेव्हांच वीज खर्च होते, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाहीं. गाडींत कोणी शिरल्यास त्याच्या अंगाची उष्णता ओळखणारा एक भाग, कोणी गाडी उचलूं लागल्यास तिचा कल ओळखणारा दुसरा भाग, आणि मालकाच्या हातांतील किल्लीची खूण ऐकणारा तिसरा, हे सर्व अहोरात्र जागे असतात. या जागरणास समजा ३० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. गाडी चोरीस गेल्यास तिचा ठावठिकाणा कळविणारें यंत्र व इतर बारीकसारीक उपकरणें मिळून आणखी २० मिलिअँपिअर धरूं. एकूण झाले ५०, म्हणजे एका अँपिअरचा विसावा भाग. एक अँपिअर प्रवाह एक तास वाहिला म्हणजे एक अँपिअर-तास खर्च झाला असें मोजतात. या हिशेबानें दिवसाच्या चोवीस तासांत १.२ अँपिअर-तास खर्च होतात.

कॅरव्हॅनमध्यें बहुधा १२ व्होल्टची, सुमारें ११० अँपिअर-तासांची बॅटरी असते. ११० ला १.२ नें भागिलें असतां जवळजवळ ब्याण्णव दिवस येतात. याशिवाय शिशाची बॅटरी नुसती ठेवली तरी दर महिन्यास शेंकडा तीन ते पांच इतकी आपोआप झिजते. म्हणजे नोव्हेंबरच्या आरंभीं पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी डिसेंबरच्या मध्यापूर्वींच अर्धी होते, आणि जानेवारी संपण्यापूर्वीं रिकामी. आमच्या स्नेह्यांची गाडी फेब्रुवारीच्या साऱ्या लांब रात्री बिनपहाऱ्याची उभी होती, हें या साध्या भागाकारानेंच कळतें.

परंतु बॅटरी रिकामी झाली तर पुन्हां भरतां कां आली नाहीं? याचें कारण तिच्या रचनेंत आहे. १८५९ सालीं गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें शोधून काढलेली ही शिशाची बॅटरी आपल्याकडे घरोघरीं इन्व्हर्टरला जोडलेली दिसते. तिच्यांत शिशाचे पत्रे पातळ गंधकाम्लांत बुडविलेले असतात. वीज खर्च होतांना पत्र्यांवर शिशाचें सल्फेट जमतें व आम्ल अधिकाधिक पातळ होतें; वीज भरतांना हीच क्रिया उलट होते. मात्र बॅटरी दीर्घकाळ रिकामी राहिली तर त्या सल्फेटाचे कठीण स्फटिक बनतात, आणि मग तें सहजासहजी परत फिरत नाहीं. दुसरा धोका थंडीचा. पूर्ण भरलेल्या बॅटरींतील आम्ल इंग्लंडच्या हिवाळ्यांत गोठत नाहीं. परंतु रिकाम्या बॅटरींतील द्रव जवळजवळ पाणीच असल्यामुळें कडक थंडींत तो गोठून पत्रे व पेटी यांस इजा होऊं शकते. म्हणून अशी बॅटरी अर्ध्याखालीं जाऊं देऊं नये, हा सर्वमान्य नियम आहे.

बॅटरीची स्थिति ओळखणें कठीण नाहीं. कांहीं तास ती भरणें व वापरणें थांबवून व्होल्टमापक लावावा. १२.७ व्होल्ट दिसल्यास बॅटरी पूर्ण भरलेली, १२.४ दिसल्यास सुमारें पाऊण, १२.२ दिसल्यास अर्धी, आणि १२ च्या खालीं कांटा गेल्यास ती उपाशी आहे असें समजावें. येथें बारा हा आंकडा पाहून पुष्कळजण फसतात. बारा व्होल्टची बॅटरी बारा व्होल्ट दाखविते, मग बिघडलें काय, असें त्यांस वाटतें. वस्तुतः त्या वेळीं निम्म्याहून अधिक वीज संपलेली असते.

आतां उपाय. पहिला उपाय खर्च कमी करण्याचा. गाडी ठेवून निघतांना दिवे, रेडिओ इत्यादि सर्व उपकरणें मुख्य बटणानें बंद करावीं. मात्र त्या बटणानें अलार्मही बंद होत नाहीं ना, हें आधीं पाहून घ्यावें. दुसरा उपाय दोन बॅटऱ्या बाळगण्याचा : एक गाडींत, एक घरीं भरावयास, दर महिन्यास अदलाबदल. हा उपाय खात्रीचा आहे, पण अशी बॅटरी पंचवीस किलोंच्या आसपास भरते, आणि पावसाचिखलांतून ती वाहून नेण्याचा उत्साह दुसऱ्या महिन्यासच ओसरतो. कित्येकजण बॅटरी काढून घरीं नेतात व दुसरी ठेवीत नाहींत. त्यायोगें बॅटरी वांचते, पण पहारा उठतो. कांहीं अलार्मांच्या भोंग्यांत स्वतःची लहान बॅटरी असते खरी. परंतु ती तार तोडणाऱ्या चोरासाठीं असते, सबंध हिवाळा काढण्यासाठीं नव्हे.

तिसरा उपाय सूर्याचा. १९५४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें सिलिकॉनचा व्यवहारोपयोगी सौर घट तयार केला. त्याचेच वंशज आज घरांच्या छपरांवर दिसतात. ४० वॅटचा एक लहान सौर फलक भर उन्हांत दोन अँपिअरांहून थोडा अधिक प्रवाह देतो. परंतु इंग्लंडांतील डिसेंबरचें ऊन म्हणजे आपलें ऊन नव्हे. २१ डिसेंबरच्या सुमारास पुण्यास भर दुपारीं सूर्य क्षितिजापासून सुमारें ४८ अंश वर असतो. लंडनला तो अवघा १५ अंश वर येतो, आणि दिवसही आठ तासांचा भरत नाहीं. फलक छपरावर आडवा ठेविला तर पंधरा अंशांवरील सूर्याचे किरण त्यावर इतके तिरपे पडतात कीं, समोरून पडले असतां मिळेल त्याच्या चौथा हिस्साच प्रकाश त्यास मिळतो. म्हणून तेथें हिवाळ्यांत फलक दक्षिणेकडे तोंड करून जवळजवळ उभा ठेवावा. त्यावर बर्फ व पानें टिकत नाहींत, हा आणखी एक लाभ. ढगाळ दिवस जमेस धरून असा फलक सरासरीनें रोज भर उन्हाच्या एका तासाइतकें काम करतो असें मानलें, तर ४० वॅटांपासून दोन अँपिअर-तास मिळतात. खर्च १.२, आपोआप होणारी झीज मिळवूनही तो दीडच्या आंत राहतो. अर्थात् शिल्लक उरते. २० वॅटचा फलक मात्र या कसोटीस उतरत नाहीं, व झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलींत कोणताच उतरत नाहीं.

फलक व बॅटरी यांच्यामध्यें नियंत्रक हवाच. बॅटरी भरल्यावर तो प्रवाह आवरतो आणि रात्रीं वीज उलट फलकाकडे वाहूं देत नाहीं. जोडतांना बहुतेक नियंत्रकांस प्रथम बॅटरी व मग फलक जोडावयाचा असतो. काढतांना उलट क्रम. धन टोंकाच्या तारेवर बॅटरीजवळच फ्यूज असावा. बॅटरी भरतांना तींतून हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायु निघूं शकतो, म्हणून तिच्या कप्प्यास वाट मोकळी ठेवावी व जवळ काडी ओढूं नये.

महाराष्ट्र सरकारनेंही २०२१ सालीं कॅरव्हॅन पर्यटनाचें धोरण स्वीकारलें आहे. तेव्हां हा प्रश्न पुढेंमागें आपल्याकडेही उभा राहील. आपल्या उन्हांत त्याचें उत्तर पुष्कळच सोपें आहे.

आमच्या स्नेह्यांनीं हा हिशेब वाचून नवी बॅटरी घेतली आणि गाडीच्या दक्षिणेकडील बाजूस ४० वॅटचा फलक स्क्रूंनीं पक्का बसविला. यंदा जानेवारीच्या अखेरीस ते मुद्दाम पाहावयास गेले. व्होल्टमापकानें १२.६ दाखविले, आणि दाराची मूठ हालवितांच भोंग्यानें साऱ्या आवारांतील कोंबड्या उडविल्या. शेतकरी धांवत आला. त्याची क्षमा मागावी लागली, पण इतक्या आनंदानें आपण कधीं कोणाची क्षमा मागितली नव्हती, असें त्यांनीं आम्हांस कळविलें आहे.

रोजचा खर्च कितीही लहान असला तरी त्यास रोजची जमा लागते. ती आहे कीं नाहीं हें पाहावयाचें तें पहारा नेमतांना. चोर येऊन गेल्यावर केलेला भागाकार कितीही बिनचूक असला तरी कामाचा नाहीं.