संदेश-ॲपद्वारे होणारी फसवणूक

संदेश-ॲपद्वारे होणारी फसवणूक : व्हॉट्सॲप, टेलिग्राम इ. मोबाईल-ॲपांवर खोटी ओळख वा खोटी बतावणी करून दुसऱ्याचे पैसे, गुप्त संकेतांक किंवा खात्याचा ताबा मिळविण्याचा गुन्हा. या ॲपांवर दिसणारे नाव व छायाचित्र सामान्यतः वापरणारा स्वतःच निवडतो; त्यांवरून ओळख सिद्ध होत नाही. या गुन्ह्याचे मूळ प्रामुख्याने येथेच आहे.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या लस-उत्पादक कंपनीत सप्टेंबर २०२२ मध्ये घडलेला प्रकार याचे ठळक उदाहरण होय. मुख्य कार्यकारी अधिकारी अदर पूनावाला यांच्या नावाने एका संचालकास व्हॉट्सॲपवर संदेश आले व त्यांवर विसंबून सु. १ कोटी १ लाख रु. परक्या खात्यांत भरले गेले.

मोठ्या कंपनीस जो धोका, तोच पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील शेतकऱ्यासही संभवतो. नारायणगावचा टोमॅटो-बाजार, ओतूर व मंचर येथील बाजारपेठा यांच्याशी निगडित व्यवहारांत भाव विचारणे, मालाची छायाचित्रे पाठविणे व पैसे देणे-घेणे मोबाईलवरच होऊ लागले आहे. संपूर्ण हंगामाची कमाई एकाच खात्यात असल्यास एका चुकीने पुढील पिकाचे भांडवलही जाऊ शकते.

फसवणुकीचे काही प्रकार पुढीलप्रमाणे आहेत : (१) पैसे भरल्याचे बनावट चित्र पाठवून माल नेणे. (२) पीएम-किसान योजना, वाहनाचा दंड वा लग्नपत्रिका यांच्या नावाने ‘एपीके’ फाइल पाठविणे. ती उघडून बसविल्यास फोनवर येणारे बँकेचे संकेतांक परस्पर चोरले जाऊ शकतात. (३) पैसे मिळतील असे सांगून यूपीआय पिन टाकावयास लावणे. वस्तुतः पैसे स्वीकारण्यास पिन लागत नाही. (४) पोलीस असल्याचे भासवून दृश्य-कॉलवर ‘डिजिटल अटक’ केल्याचे सांगणे. अशा अटकेची तरतूद भारतीय कायद्यात नाही.

घाई, भीती, लोभ व गुप्ततेचा आग्रह ही या सर्वांची समान लक्षणे होत. म्हणून पैशांची मागणी आल्यास त्या व्यक्तीच्या पूर्वीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर बोलून खात्री करावी. पाठविलेल्या चित्रावर न विसंबता बँक-खात्यातील जमा पाहावी. आलेला संकेतांक कोणासही सांगू नये आणि ॲपमधील द्विस्तरीय पडताळणी सुरू ठेवावी.

फसवणूक झाल्यास लाजेपोटी ती लपविणे अधिक घातक ठरते. रक्कम खात्यांतून पुढे वळविली जाण्यापूर्वी तक्रार झाल्यास ती गोठविता येण्याची शक्यता असते. यासाठी १९३० हा दूरध्वनी क्रमांक, केंद्रीय गृहमंत्रालयाचे राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टल, स्वतःची बँक व नजीकचे पोलीस ठाणे यांच्याकडे तत्काळ कळवावे. संदेश पुसून न टाकता पुरावा म्हणून जपावेत. संगणकीय साधनाद्वारे तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ ड नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.