घाटकोपर ते लोअर परळ : एलच्या चवीचा एक दिवस

घाटकोपर म्हटलं की लोकांना वल्लभबाग लेनची खाऊगल्ली आठवते, चीज डोसे आणि सँडविच आठवतात. बिअर कुणालाच आठवत नाही. तरीही मित्रांसोबत दिवसभर फिरत निरनिराळ्या एल, म्हणजे बिअरचाच एक प्रकार, चाखायच्या असतील, तर निघावं घाटकोपरहूनच. मेट्रो १ इथूनच सुटते आणि मध्य रेल्वेची लोकलही इथे थांबते. गाडीची किल्ली घरी ठेवून अख्खी फेरी करता येते, आणि अशा दिवसाची पहिली अट तीच आहे.

इंग्लंडमध्ये ही जुनी रीत आहे. मित्रांचं टोळकं सकाळी निघतं आणि पायी किंवा रेल्वेने पबामागून पब करत संध्याकाळ करतं. लंडनच्या सर्कल लाइनच्या मूळ वर्तुळावरच्या २७ स्थानकांजवळचे पब एका दिवसात गाठणारे हौशीही आहेत. आम्हा मित्रांना मात्र दोनच थांबे पुरतात. पबांची संख्या वाढवण्यापेक्षा चव कळण्यात आम्हाला अधिक रस आहे.

मेट्रोने अंधेरी

वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. ११.४ किलोमीटर, १२ स्थानकं. पूर्वी घाटकोपरकराला अंधेरी पश्चिम म्हणजे साकीनाक्याच्या कोंडीत अडकलेली बस. आता भरपेट जेवून निघालं, की असल्फाच्या टेकडीवरची रंगवलेली घरं बघत वीसेक मिनिटांत आझादनगर येतं. भरपेट जेवण महत्त्वाचं, कारण पोटात अन्न असलं की अल्कोहोल रक्तात सावकाश उतरतं.

वीरा देसाई रस्त्यालगतच्या दालिया औद्योगिक वसाहतीत डूलालीची टॅपरूम आहे. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी जर्मन ब्रूमास्टर ऑलिव्हर शॉफ यांच्या साथीने २००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू केली आणि महाराष्ट्रात लघु-ब्रुअरीचं पर्व तिथून सुरू झालं. २०१५ मध्ये ती अंधेरीत आली. लांब टेबलं, बोर्ड गेम, गप्पा, असं इथलं वातावरण. दुपारी गर्दी कमी असते, त्यामुळे नळापाशी उभ्या माणसाला चार प्रश्न विचारता येतात.

चार पेले, चार चवी

बिअरचा कच्चा माल साधा आहे : सातू, पाणी, हॉप्सची कडवट फुलं आणि यीस्ट. सातूला मोड आणून ते भट्टीत वाळवतात आणि भरडतात. आपण घरी नाचणीचं सत्त्व करतो, त्याच वाटेने माल्ट तयार होतं. हे माल्ट साधारण ६५ अंशांच्या पाण्यात तासभर मुरलं की पिठुळाची साखर होते. तो रस गाळून हॉप्सबरोबर उकळतात, थंड करतात आणि यीस्ट घालतात.

एल आणि लागर यांच्या वाटा इथे वेगळ्या होतात. एलचं यीस्ट १८ ते २२ अंशांना काम करतं आणि काही दिवसांत आंबवणं उरकतं. त्यातून फळांचे, मसाल्यांचे गंध निघतात. लागरला ८ ते १२ अंशांचा गारवा लागतो आणि पुढे कित्येक आठवडे थंडीत मुरावं लागतं. तिची चव स्वच्छ, पण बेताची. दुकानातून आपण आणतो त्या बहुतेक बाटल्या लागरच्याच असतात.

पूर्ण ग्लास न मागता चाखायचे छोटे पेले मागावेत आणि फिक्याकडून गडदाकडे जावं. आधी गव्हाची जर्मन हेफेवाइत्सेन. नाकाशी धरली की पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. यात केळं नाही, लवंगही नाही. दोन्ही वास यीस्टचे. मग बेल्जियन विट, तिच्यात मात्र खरोखरच धणे आणि संत्र्याची साल असते. तिसरी कडवट इंडिया पेल एल. शेवटी भाजलेल्या सातूची काळी स्टाउट, कॉफीच्या वळणाची. बर्फगार बिअरची चव जिभेला कळत नाही, म्हणून पेला पाच मिनिटं तसाच ठेवावा. इंग्लंडमध्ये पिंपातली एल ११ ते १३ अंशांना देतात. ही पिंपातच मुरणारी एल नामशेष होऊ नये म्हणून १९७१ मध्ये चार तरुणांनी 'कॅमरा' ही चळवळ उभी केली. आज तिचे लाखाहून अधिक सभासद आहेत.

मुंबई बंदराची बिअर

तिसऱ्या पेल्याशी, म्हणजे इंडिया पेल एलशी, आपलं नातं जुनं आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या जॉर्ज हॉजसनची बो ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या कप्तानांना फिकट एल उधारीवर देई. केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार-सहा महिन्यांनी ती पिंपं मुंबई, मद्रास, कलकत्त्याला उतरत. भरपूर हॉप्समुळे ती टिके आणि प्रवासात मुरून अधिक चांगली होई. १८२० च्या दशकात बर्टनच्या ऑलसॉपने हा व्यापार खेचून घेतला. बर्टनच्या जिप्समयुक्त पाण्यात हॉप्सचा कडवटपणा खुलून येई. पुढे एडवर्ड डायरने कसौलीच्या थंड हवेत ब्रुअरी काढली, मग कृत्रिम शीतकरण आलं आणि लागरने बाजार व्यापला. जी एल हिंदुस्थानच्या नावाने जगभर गाजली, ती हिंदुस्थानातूनच जवळपास नाहीशी झाली. लघु-ब्रुअऱ्यांनी ती परत आणली, याचं मोल मला मोठं वाटतं.

गिरणगावात संध्याकाळ

अंधेरीहून धीम्या लोकलने लोअर परळ. मधल्या वेळात लिंबूपाणी आणि काहीतरी खाणं, हा आमचा नेम. इथल्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये २०१३ मध्ये 'बार्किंग डिअर'ने मुंबईतला पहिला ब्रूपब, म्हणजे जागेवरच बिअर बनवणारा पब, चालू केला, आणि बंगळुरूच्या 'टॉइट'नेही याच आवारात शाखा थाटली. १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांची घरं हलली. तशाच एका गिरणीच्या आवारात आज आपण हौसेने बसतो, ही जाणीव मनात ठेवूनच पेला उचलावा. इथे एकच एल घ्यायची, आवडलेली, आणि सावकाश संपवायची. मग लोअर परळहून पूल ओलांडून करी रोडला यावं आणि धीम्या लोकलने घाटकोपर गाठावं.

प्रमाण आणि परवाना

५ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटर बिअरमध्ये सुमारे १३ ग्रॅम अल्कोहोल असतं आणि यकृताला ते निचरायला तासाहून अधिक वेळ लागतो. मद्याचं कोणतंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून दिवसभरात छोटे पेले, प्रत्येक पेल्याला तितकंच पाणी, आणि न पिणाऱ्या मित्राला आग्रह नाही. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे, म्हणून प्यायला परवाना लागतो. परदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना ५ रुपयांत आणि आजीवन परवाना १००० रुपयांत मिळतो. बिअरसाठी वय २१ पूर्ण हवं. आषाढी एकादशी, २ ऑक्टोबर असे ड्राय डे पाहूनच बेत आखावा.

भारतात खपणाऱ्या बिअरमध्ये 'स्ट्राँग'चा वाटा सर्वात मोठा आहे, कारण बहुतेकांना कमी पैशांत जास्त नशा हवी असते. घरात विषय काढायची सोय नाही, म्हणून लपून आणि घाईघाईने प्यायलं जातं. खरी हानी त्या घाईत आहे. जे कधीच पीत नाहीत त्यांनी सुरुवात करावी, असं मी मुळीच सांगणार नाही. जे पितात त्यांना मात्र कळकळीची विनंती आहे : थोडं घ्या, पेल्यात काय आहे ते जाणून घ्या, उघडपणे आणि मित्रांसोबत घ्या, आणि घरी लोकलनेच या.