आघाताने कणखर होणारे पोलाद

मडगाव स्थानकात शिरताना गाडी एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर वळते, तेव्हा चाकांचा खडखडाट एकाएकी वाढतो. दोन रूळ जेथे एकमेकांना छेदतात, तेथे चाकाच्या कडेला वाट मिळावी म्हणून फट ठेवावी लागते. प्रत्येक चाक ती फट ओलांडून पुढच्या टोकावर आदळते. वर्षानुवर्षे हे आघात सोसणारा हा भाग, म्हणजे क्रॉसिंग, बहुधा साध्या रुळाच्या नव्हे, तर ओतीव मँगनीज पोलादाचा असतो. मार बसेल तसा त्याचा पृष्ठभाग अधिक कठीण होतो, हा या पोलादाचा विलक्षण गुण.

इंग्लंडमधील शेफिल्डच्या रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी १८८२ मध्ये ते शोधले, तेव्हा त्यांनी वयाची पंचविशीही गाठली नव्हती. मँगनीज थोडे वाढवले की पोलाद ठिसूळ होते, असा तोवरचा अनुभव होता. हॅडफिल्ड प्रमाण वाढवतच गेले आणि सुमारे १२ ते १३ टक्के मँगनीज व १.२ टक्के कार्बन असता चित्र पालटले. लोहार तापलेला कोयता पाण्यात बुडवतो, त्याला आपण ‘पाणी देणे’ म्हणतो. त्याने धार कठीण होते. हे पोलाद मात्र हजार अंश सेल्सिअसच्या वर तापवून पाण्यात बुडवले, की उलट चिवट होते. शिवाय लोहचुंबक त्याला चिकटत नाही.

याचे मूळ अणूंच्या मांडणीत आहे. लोखंड खूप तापले की त्यातील अणू वेगळ्या रीतीने रचले जातात. या रचनेला ऑस्टेनाइट म्हणतात. साधे पोलाद थंड होताना ती रचना मोडते; भरपूर मँगनीज मात्र तिला थंडपणीही टिकवून धरते.

धातूवर ताण आला की अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात. तार वारंवार वाकवली की ताठर होते, कारण रचनेतील दोषरेषा एकमेकींत अडकून सरकणे अवघड होते. मँगनीज पोलादात याखेरीज आणखी एक घटना घडते. स्फटिकाचा एखादा पातळ पट्टा असा कलतो, की त्याची रचना शेजारच्या भागाचे आरशातील प्रतिबिंब ठरते. यांना जुळे स्फटिक म्हणतात. अशा प्रत्येक पट्ट्याची सीमा पुढच्या सरकण्याला भिंतीसारखी आडवी येते. एका मोठ्या दालनात भिंती घालून लहान खोल्या कराव्यात, तसे हे घडते. कार्बनचे अणूही हालचालीला अटकाव करतात. जो भाग आधी नमतो, तोच आधी कठीण होतो आणि भार शेजारी सरकतो. त्यामुळे धातू एकाच जागी बारीक होऊन तुटत नाही.

पृष्ठभागाची कठिनता ब्रिनेल मापावर सुमारे २०० वरून ५०० पर्यंत चढू शकते. गाभा मात्र चिवटच राहतो, म्हणून वरची चीर सहजी खोल जात नाही. काळा दगड फोडणाऱ्या खडी क्रशरच्या जबड्यांनाही म्हणूनच हे पोलाद वापरतात. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांची शिरस्त्राणेही याचीच होती.

याच तत्त्वावर पुढे १५ ते ३० टक्के मँगनीज असलेली नवी पोलादे तयार झाली. ती तुटण्यापूर्वी मूळ लांबीच्या निम्म्याहून अधिक ताणली जाऊ शकतात. अपघाताचा धक्का शोषून घेणाऱ्या मोटारीच्या सांगाड्यासाठी हा गुण मोलाचा आहे.

तथापि या पोलादाला मर्यादा आहेत. आघात नसेल आणि नुसती वाळू घासत असेल, तर ते कठीण होत नाही, झिजत राहते. दुरुस्तीचे वेल्डिंग करताना तर विशेष जपावे लागते. सुमारे ३०० अंशांपलीकडे ते बराच वेळ तापले, तर कार्बाइडचे कण स्फटिकांच्या सीमांवर साचतात आणि चिवट धातू ठिसूळ बनतो. म्हणून जाणता वेल्डर थोडे थोडे काम करून मध्ये धातू निवू देतो. क्रॉसिंगवर ही घाई झाली, तर पुढच्या गाडीच्या चाकाखाली तडा जाण्याचा धोका असतो.